शिट्टी कुणी वाजवली

इद्दतीत बसलेल्या बाईकडे वेळ भरपूर असतो. नवरा गेल्यावर ठरलेली मुदत घरातच काढायची, नटायचं-मुरडायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही, एवढंच ते असतं. माझी एक मैत्रीण भोकरदनला शिकवते. तिनं फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, लांबलेली रजा समज, फक्त कुठं जायची सोय नाही. ती हसली नाही. मी फोन ठेवून आतल्या खोलीत आले आणि कपाटातून एक पुस्तक काढलं. ते पुढं सरकेना. दुसरं काढलं, तेही सरकेना. म्हणून लिहायला बसले. रोज थोडं लिहिते आणि आदल्या दिवशीचं थोडं खोडते.

लिहायचं होतं सरांबद्दल. सर म्हणजे माझे पती. आम्ही दोघं एकाच उर्दू शाळेत होतो, ते खेळ शिकवायचे आणि मी मराठी. सगळी वस्ती त्यांना सर म्हणायची, तेव्हा माझ्याही तोंडात तेच बसलं. मला सगळे आपा म्हणतात, उर्दू शाळेत बाईंना तसंच म्हणायची पद्धत आहे. शाळा सुटल्यावर सर आमच्या घरामागच्या मैदानात वस्तीतल्या मोठ्या मुलांना फुटबॉल शिकवायचे. जालन्यात क्रिकेट सोडून कुणी काही खेळेल यावर लोकांचा विश्वास नसे. सर म्हणायचे, विश्वास नसला तरी चालेल, बाभळीचे काटे तेवढे मैदानात टाकू नका.

पण सरांबद्दल लिहायला घेतलं की पुन्हा पुन्हा एका खेळाडूपाशी येऊन थांबते. तो परवा घरी येऊन गेला, हे त्याचं कारण.

तो नेपाळचा. त्याचे वडील एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या गेटवर वॉचमन होते. गावाकडची शाळा संपल्यावर वडिलांनी त्याला बोलावून घेतलं आणि त्याच मिलमध्ये कामाला लावलं. सर एकदा गोलपोस्टसाठी जुने पाइप बघायला तिकडं गेले होते. गेटजवळ हा पाळी सुरू व्हायची वाट बघत उभा होता आणि चिंध्यांचा तारेनं बांधलेला गोळा पायावर उडवत होता. सर किती वेळ बघत राहिले माहीत नाही. घरी आले ते रिकाम्या हातानं. मी विचारलं, पाइप? म्हणाले, पाइप राहिले, एक माणूस मिळालाय.

पहिल्या दिवशी मैदानात त्याची टिंगल झाली. आमचा एक बचावपटू, माझाच जुना विद्यार्थी, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. त्यानं कपाळाला हात लावून सलाम ठोकला आणि ‘शाबजी, गेट खोलो’ म्हणाला. सगळे हसले. थोड्या वेळानं त्या नेपाळी मुलानं चेंडू अलगद त्याच्याच दोन्ही पायांमधून पलीकडं काढला आणि वळसा घालून पुन्हा ताब्यात घेतला. तेव्हा मैदानाच्या कडेनं कुणीतरी म्हणालं, ‘ए, गेट उघडं राह्यलं ना तुझं! वॉचमन तू का तो?’ त्या दिवसापासून आमच्या मैदानात कुणाच्याही पायांतून चेंडू गेला की हीच आरोळी उठायची. दांडग्यानं ती पुष्कळ ऐकली. पुढं त्या दोघांची चांगली गट्टी जमली.

रविवारी सामना झाला की सगळी मुलं आमच्या ओट्यावर खिचडी-खट्टा, म्हणजे खिचडी आणि चिंचेचं आंबट सार, खायला बसत. आमच्या घरात बोलणं उर्दूत, मैदानावर हिंदीत, पण तो माझ्याशी मराठी बोलायचा. मराठी तो मिलमध्ये परतूर-मंठ्याकडच्या कामगारांकडून शिकला होता. ‘आपा, म्या येऊन राह्यलो,’ असं दारातून सांगायचा. शाळेत मी ज्या मराठीवर लाल रेघ मारते ती मराठी. त्याच्या तोंडून ती ऐकताना मला फार बरं वाटायचं आणि मी एकदाही दुरुस्त केली नाही.

त्याच्या खेळात काय वेगळं होतं हे मला सरांनी समजावलं. बाकीचे खेळाडू चेंडू आला की आधी थांबवतात आणि मग काय करायचं ते ठरवतात. हा थांबवत नसे. चेंडू ज्या वेगानं येई त्याच वेगात तो अंग फिरवून त्याला दुसरीकडं नेई. एकदा खिचडी खाताना मी त्याला विचारलं, हे कुठं शिकलास? त्याच्या गावचं मैदान डोंगराच्या उतारावर होतं. चेंडू ज्याच्या पायातून सुटेल त्यानं खाली नदीपर्यंत जाऊन तो आणायचा. एवढं सांगून तो आत गेला आणि माझी सांडशी घेऊन आला. मिलमध्ये भट्टीतून निघालेलं लाल लोखंड रोलमधून दाबत दाबत लांब करतात आणि त्याची सळई होते. एका बाजूनं ती धावत बाहेर येते. तिचं तोंड लांब चिमट्यात पकडून, अंगासकट वळून, दुसऱ्या रोलमध्ये घालायचं, हे याचं काम. ओट्यावर उभं राहून त्यानं ते करून दाखवलं. सळई म्हणून शेवग्याची शेंग होती.

‘थांबवायची न्हाई, आपा. तिला थांबवलं की ती आपल्याला सोडत न्हाई. फकस्त तोंड फिरवायचं.’

मग त्यानं पॅन्ट थोडी वर करून नडग्या दाखवल्या. डाग जुने होते, दोन-तीन नवेही होते. सर ताटावरून उठले आणि आत गेले. त्या दिवशी ते मला म्हणाले की या मुलाला मिलमधून बाहेर काढायचं. मुलांबद्दल ते मोठी स्वप्नं बघणारे नव्हते. कुणाला पोलीस भरतीत धावायला तयार करायचं, कुणाला रेल्वेच्या परीक्षेला बसवायचं, एवढंच. याच्या बाबतीत मात्र त्यांनी ठरवून टाकलं.

भोकरदनच्या स्पर्धेत तो चांगला खेळला. येताना एसटीत मुलांनी इतका गोंधळ केला की कंडक्टर म्हणाला, लग्नाचं वऱ्हाड तरी यापेक्षा शांत असतं. सरांचा एक जुना मित्र पुण्यात एका क्लबकडं मुलांना शिकवायचा. सरांनी त्याला फोन केला, मग पुन्हा केला. शेवटी तो म्हणाला, तुमच्या जालन्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना बघायला येतो. मुलगा आवडला तर सोबत घेऊन जाईन, राहायची-खायची सोय क्लबची.

ही गोष्ट सरांनी त्याच्या वडिलांना गेटवर जाऊन सांगितली. त्यांनी खुर्ची पुसून पुढं केली आणि चहा मागवला. सर म्हणाले, तो माणूस आजच मुलाला निरोप देतोय असं वाटलं मला.

मिलची सुट्टी शुक्रवारी आणि आमचे सामने रविवारी. तो रविवारी रात्रपाळी मागून घ्यायचा, पण मिलच्या सोबत्यांनी त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. पण हा सामना सोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पाळी अदलाबदल करून ते टेम्पोत उभे राहून आले. अंगावर कामाचेच कपडे होते. त्यांना खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण तो कुठल्या बाजूला गोल मारणार हे त्यांनी आधी विचारून घेतलं आणि त्या गोलच्या जवळ, कडेला दाटीनं उभे राहिले.

मी मैदानाच्या भिंतीलगतच्या एका घराच्या गच्चीवर बायकांबरोबर बसले होते. खाली मांडवात सर आणि पुण्याचे पाहुणे. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता, आमचा यानंच केला होता. सामना संपत आला होता. दांडग्यानं मागून लांब चेंडू दिला, यानं तो न थांबवता तसाच फिरवला आणि एकटाच गोलकडं निघाला. समोर फक्त गोलकीपर. पाहुणे खुर्चीतून पुढं झुकलेले मला वरून दिसले.

त्याच वेळी कडेनं तोंडात बोटं घालून कुणीतरी शिट्टी मारली. आखूड, दोनदा, वर चढत जाणारी. आणि तो चेंडू सोडून बाजूला उडाला. पडला नाही, अडखळला नाही. विस्तवावरून उडी मारावी तसा दोन्ही पाय उचलून डावीकडं उडाला. चेंडू हळूहळू घरंगळत गेला आणि गोलकीपरनं तो वाकून उचलला.

आधी कुणाला काही कळलं नाही, मग सगळं मैदान हसलं. मी त्याच्या सोबत्यांकडं पाहिलं. ते सगळेच एकदम मागं सरकले होते, एक तर खालीच बसला होता. मला वाटलं, तिथं साप निघाला. शेजारच्या बाईला मी तसं म्हटलंही. तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढं दुसऱ्या संघानं गोल केला.

सामना संपल्यावर खेळाडू मांडवाजवळ जमले. सरांचा आवाज एरवी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही, पण सगळ्यांनी ऐकला.

‘डर गया तू,’ ते म्हणाले. ‘गोलकीपर अंगावर आला आणि तू घाबरलास. पाय वाचवलेस.’

तो बूट सोडत होता. त्यानं वर पाहिलं, मग त्याच्या सोबत्यांकडं पाहिलं. ते टेम्पोजवळ घोळका करून उभे होते. मग तो पुन्हा वाकून नाड्या सोडायला लागला. पुण्याचे पाहुणे सरांना म्हणाले की मुलाचा पाय चांगला आहे, पण समोर कुणी आलं की उडणारा खेळाडू घेऊन जाऊन मी काय करू? संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले.

खिचडीला तो आला नाही. पुढच्या रविवारी आला, जेवला, ताट उचलून ठेवलं. सरांनी त्याला आता पुढं न खेळवता मागं खेळवायला सुरुवात केली. तो तिथंही बरा खेळायचा, पण चेंडू त्याच्याकडं गेला की मुलांपैकी एखाद्याला गंमत सुचे आणि तो ‘उड, उड’ म्हणे. दांडगा अशा एकाच्या अंगावर धावून गेला होता. रमजान आला तेव्हा सराव बंद झाला. ईदनंतर सराव सुरू झाला तेव्हा तो आला नाही. वडिलांनी सांगितलं की गावाकडं जाऊन तिथून एका एजंटाबरोबर आखातात गेला, गोदामात काम आहे. दीड हंगाम, बस. आमच्या मैदानावरचा त्याचा खेळ एवढाच.

पुढं गोलपोस्टचा एक पाइप वाकला, म्हणून सर पुन्हा त्या मिलवर गेले. वडिलांनी पुन्हा खुर्ची पुसली, चहा मागवला. दोघं गेटच्या केबिनमध्ये बोलत होते, मुलाबद्दल नाही, पाइपबद्दल. तेवढ्यात आतून शिट्टी आली. आखूड, दोनदा. त्या म्हाताऱ्या माणसानं बोलता बोलता दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. भट्टी तिथून कितीतरी लांब. सरांनी विचारलं, हे काय?

त्यांनी सांगितलं ते असं. कधी कधी सळई रोलमध्ये शिरत नाही. ती बाहेर उसळते आणि कुणीकडंही जाते. मिलच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून ज्याला ती आधी दिसेल त्यानं ही शिट्टी मारायची. ऐकणाऱ्यानं बघत बसायचं नाही, हातातलं सोडून आधी उडायचं. त्यांनी स्वतः उमेदीची वर्षं दुसऱ्या एका मिलमध्ये काढली होती, पायांना ती सवय राहिली होती. सरांनी विचारलं, आणि शिट्टी उगीचच वाजली तर? कुणाला भास झाला तर?

‘पूछते नहीं, सरजी,’ ते म्हणाले. ‘किसने मारी, क्यों मारी, कोई नहीं पूछता. एक बार किसी को डाँट दिया, तो अगली बार वो सोचेगा. वो सोचेगा, तब तक किसी का पैर गया.’

हे सर मला सांगत होते तेव्हा दुपार होती. ते ओट्यावर बूट न काढता बसले होते. मी म्हटलं, त्या दिवशी ते सगळे मागं सरकले होते, एक जण तर खाली बसला होता. ते म्हणाले, मग तेव्हाच का बोलली नाहीस? मी म्हटलं, मला वाटलं साप निघाला. त्यांनी एक बूट काढला. मग म्हणाले, सापच होता म्हण.

शिट्टी मारणाऱ्याला तिथं सळई दिसली नव्हती, त्याला फक्त आनंद झाला होता. तोंडात बोटं घालून जी एक शिट्टी त्याला येत होती ती त्यानं मारली असणार. आणि मांडवाजवळ त्या मुलाला एवढंच सांगायचं होतं की शिट्टी वाजली. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुणी वाजवली? तो प्रश्न त्यांच्यात विचारत नाहीत. म्हणून त्यानं भित्रा म्हणवून घेतलं.

मी सरांना म्हटलं, वडिलांकडून नंबर घ्या, फोन करा. नंबर त्यांनी घेतला होता. पण ते म्हणाले, ‘सगळ्यांसमोर बोललो ते फोनवर कसं परत घेऊ? तो सुट्टीवर येईल तेव्हा मैदानात, सगळ्यांसमोरच म्हणेन.’ मला हे पटलं नाही, पण सरांचं असंच होतं. तोपर्यंत म्हणून त्यांनी मुलांना मैदानात रिंगण करून बसवलं आणि घडलं ते सांगितलं. आपण चुकलो हेही सांगितलं. आणि एक नियम केला, की गोल हुकला तर हुकवणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही, सरही विचारणार नाहीत. त्या नियमाचा मुलांनी गैरफायदा घेतलाच. काही काळ आमचा संघ भलताच गोल हुकवायला लागला आणि सर बोलता येत नाही म्हणून कडेला येरझाऱ्या घालत.

तो सुट्टीवर यायच्या आधी सर गेले. शाळेतून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत सगळं झालं होतं.

परवा असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर बाहेरच्या खोलीत माणसं आल्याचा आवाज झाला. माझे धाकटे दीर त्यांच्याशी बोलत होते. मधल्या दाराला पडदा आहे. मी आत सासूबाईंजवळ बसले होते. दांडग्याचा आवाज ओळखू आला, त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी होतं. मग त्या दुसऱ्यानं विचारलं, ‘आपा कुठंयत? म्या त्यांनाच भेटाया आल्तो.’ दिरांनी त्याला इद्दतीचं समजावलं. तो ‘हां हां’ म्हणाला. त्याला कितपत कळलं कोण जाणे. तो वडिलांना कायमचं गावी घेऊन जायला आला होता. सर गेल्याचं त्याला एमआयडीसीच्या चौकात चहा पिताना कळलं.

दीर रीतीप्रमाणे सगळं सांगत होते, कसे गेले, कुठं दफन केलं. तो ऐकून घेत होता. मग त्यानं दिरांना मध्येच तोडलं.

‘एक विचारायचं व्हतं. सर मला भित्राच समजून गेले का?’

दांडग्याला सगळं माहीत होतं, तरी त्यानं उत्तर दिलं नाही. बहुधा ते माझ्याकडून यायला हवं असं त्याला वाटलं असावं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता, पण मी पडद्याजवळ गेले.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्यांना कळलं होतं. शिट्टी वाजली होती.’

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला असावा.

‘त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं,’ मी म्हटलं. ‘मैदानात बसवून. मी चुकलो असं म्हणाले. तुझ्यासमोर म्हणायचं राहून गेलं.’

‘आन् शिट्टी कुणी...’ तो घाईनं म्हणाला.

‘ते कुणी विचारलं नाही,’ मी म्हटलं.

खुर्ची पुन्हा जागेवर सरकली आणि तो म्हणाला, ‘मंग बराबर हाय, आपा.’ एवढंच. त्यानंतर दिरांनी चहा ओतला. मी परत आत येऊन बसले. सासूबाईंनी तसबीहचे मणी पुन्हा पुढं ढकलायला सुरुवात केली.

ते उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. दांडगा त्याला मागच्या मैदानाकडं घेऊन गेला, दीरही सोबत गेले. तिथं सराव चालू होता. आता मुलांना दांडगाच शिकवतो. माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे, पण उंच आहे, तिच्यातून फक्त कडुनिंबाचा शेंडा दिसतो. चेंडूचे आवाज येत होते. थोड्या वेळानं मोठी आरोळी उठली, ‘गेट उघडं राह्यलं!’ आणि पुष्कळ जण हसले.

दीर परत आल्यावर मी विचारलं, कुणाचं उघडं राहिलं? त्यानं काढला का कुणाच्या पायातून?

‘त्याचंच राहिलं, भाभी,’ ते म्हणाले. ‘एका पोरानं काढला त्याच्या पायांतून. लय जाड झालाय तो.’

मी त्यांना म्हटलं, परत जायच्या आधी मध्ये रविवार येतो का ते त्याला विचारून या. खिचडी-खट्टा आतून करून बाहेर पाठवता येतो.